सतरा सेकंदांचा आळ

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुतेक वेळा उसासे टाकतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर खोटा आळ आला होता. तो दहा महिने राहिला आणि त्या दहा महिन्यांत माझ्या पोटात लोकांनी छत्र्या ठेवल्या.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. दुकानाचे मालक म्हणजे मामा. ते तसे एकाच भाचीचे मामा, पण तिच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्यांना मामाच म्हणू लागले. दिवसभर ते लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि दुकानाचं शटर खाली ओढलं की मागच्या खोलीत येऊन एक फूटभर रुंदीची जाड काच घासायचे. एका पिंपावर ती काच ठेवलेली, वर दुसरी काच, मध्ये पाणी आणि घासायची पूड. मामा पिंपाभोवती फिरत फिरत घासायचे, म्हणजे सगळीकडून सारखं घासलं जातं. नऊ महिने ते त्या पिंपाभोवती फिरले. काच मधोमध हळूहळू खोलगट झाली. मग तिच्यावर चकचकीत मुलामा चढवून आणला आणि माझा आरसा तयार झाला. माझी नळी, माझा लोखंडी पाय, सगळं मामांच्या एका लेथवाल्या मित्राने करून दिलं. पण दुर्बिणीचा जीव आरशात असतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्या जिवाशीच खेळ झाला.

मामांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली बांधली गेली. तिचं छप्पर चाकांवर होतं. ढकललं की बाजूला सरकायचं आणि मला सगळं आकाश मिळायचं. खाली मामांची बहीण, म्हणजे भाचीची आई, आणि भाची राहायच्या. भाची औषधाच्या दुकानात कामाला होती. गोळ्या, थेंब, मिलिग्रॅम यांचा हिशेब दिवसभर डोक्यात, आणि संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आत गच्चीवर. मामा आणि भाची, दोघं मिळून माझ्याकडून काम करून घ्यायचे. ते काम काय, ते नीट ऐका, कारण माझा राग त्यातूनच आला आहे.

सूर्याभोवती ग्रहांशिवाय लाखो दगडही फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. काही डोंगराएवढे, काही एखाद्या इमारतीएवढे. त्यातले काही आपल्या पृथ्वीच्या वाटेजवळून जातात. मोठमोठ्या वेधशाळा असे नवे दगड शोधून काढतात, पण प्रत्येकाच्या मागे मागे जायला त्यांना सवड नसते. ते काम आमच्यासारखे हौशी लोक करतात. मी आकाशाच्या एकाच तुकड्याकडे रोखून बघते आणि माझ्या टोकाला बसवलेला कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने चित्रं घेतो. कॉम्प्युटरवर ती चित्रं एकामागून एक दाखवली की सगळे तारे जागच्या जागी बसून राहतात आणि एकच ठिपका टुणटुण उड्या मारत पुढे जातो. तोच दगड. मग तो कुठे होता आणि केव्हा होता, हे मोजून जगभरच्या नोंदी गोळा करणाऱ्या केंद्राला कळवायचं. त्यावरून त्याची पुढची वाट ठरते. एका दगडाला किमान दोन-तीन संध्याकाळी तरी कुणीतरी बघावं लागतं. नाहीतर तो हरवतो. हरवतो म्हणजे आकाशात असतो, पण कुठे आहे आणि परत कधी येणार आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

कुठे आणि केव्हा, दोन्ही हवं. कुठे होता हे मी सांगते. केव्हा, ते घड्याळ सांगतं. हे वाक्य तुम्ही विसरलात तरी चालेल, मी विसरणार नाही.

मामांची एक सवय होती. छप्पर सरकवण्याआधी ते खालून स्वयंपाकघरातला रेडिओ वर आणायचे. बातम्यांच्या आधी रेडिओवर वेळेचे ठोके पडतात ना, ते ऐकताना मामा कॉम्प्युटरच्या घड्याळावर नजर ठेवून बसायचे. मग वहीत पेन्सिलीने लिहायचे, 'ठोके बरोबर.' इंटरनेटवरून कॉम्प्युटर आपोआप आपली वेळ जुळवायचा, तरीही मामा रेडिओ आणायचे. भाची हसायची. मामा म्हणायचे, "तू औषध देताना बाटलीवरचं नाव दोनदा वाचतेस की नाही? तसंच हे."

त्यांची दुसरी शिकवण माझ्याबद्दल होती. "आरशावर धूळ बसली तर बसू दे. धुळीने उजेड थोडा कमी होतो, एवढंच. कोरड्या फडक्याने पुसलात तर ओरखडे पडतील, आणि ते जायचे नाहीत." वर्षातून एकदा ते मला शुद्ध पाण्याखाली धरायचे. बोटसुद्धा लावायचे नाहीत. असे माझे लाड होते.

आम्ही चौदा वर्षं काम केलं. आमच्या नोंदी केंद्राकडे बिनबोभाट जायच्या. एकदा तर आमच्या हौशी खगोल मंडळाच्या वार्षिक बैठकीत माझा मोठा फोटो भिंतीवर लावला होता आणि लोक माझ्याविषयी कौतुकाने बोलत होते. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्या दिवशी त्यांनी गच्चीवर येऊन माझ्या नळीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. तो हात मला तेव्हाच आवडला नव्हता.

मग मामांचे गुडघे जिने चढेनासे झाले. ते दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेले. जाताना वही भाचीच्या हातात दिली. ती एकटी काम करू लागली आणि अगदी छान करत होती, हे मी मान्य करते. फक्त एक गोष्ट झाली. एका संध्याकाळी डॉक्टर गच्चीवर आले, तेव्हा ती जिन्यातून रेडिओ घेऊन येत होती.

"हे काय, गाणी ऐकत काम करतेस?" डॉक्टर म्हणाले.

तिने ठोक्यांचं सांगितलं. ते इतके हसले की बरोबर आलेले दोन सभासदही हसायला लागले. "अगं, कॉम्प्युटर स्वतः वेळ जुळवतो. मामा जुन्या काळचे, त्यांचं ठीक आहे. तू तरी सुधार."

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ खालीच राहिला. वहीतले 'ठोके बरोबर' हे शब्द बंद झाले. चारचौघांत कुणी हसलं की माणसं चांगली सवय सोडतात, याचा मला भारी राग येतो.

त्यानंतर काही महिन्यांनी कॉम्प्युटर अडखळायला लागला. चित्रं घेता घेता मध्येच थांबायचा. भाचीने डॉक्टरांना बोलावलं, कारण मंडळात कॉम्प्युटरचं त्यांनाच सगळं कळतं, असं ते स्वतः सांगायचे. त्यांनी पाच मिनिटं इकडे तिकडे बटणं दाबली. मध्येच वेळ जुळवायला जातो म्हणून कॉम्प्युटर थांबत होता, तर त्यांनी ते वेळ जुळवणंच बंद करून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. "आता नाही अडायचा," असं म्हणून हात झटकून निघून गेले. भाचीने वहीत तारीख घालून लिहिलं, 'डॉक्टर येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करून गेले.'

दुरुस्त! तेव्हापासून ते घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडू लागलं आणि मला ते दिसत होतं. मला तोंड नाही, मित्रांनो, हीच माझी अडचण. मी फक्त बघू शकते.

बरोबर चौतिसाव्या दिवशी एक नवा दगड आला. आदल्या संध्याकाळी जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तो पहिल्यांदा पाहिला होता. फार वेगाने जाणारा आणि फार अंधुक. आणखी चार दिवसांत तो दिसेनासा होणार होता. दुसऱ्या संध्याकाळी जिथे जिथे तो दिसला असता, तिथे नेमके ढग होते. फक्त आमच्या डोक्यावर आकाश स्वच्छ होतं. भाचीने आधी सरावाला एक ओळखीचा वेगवान दगड टिपला आणि मग याच्या मागे लागली. चाळीस मिनिटांत बावीस चित्रं. प्रत्येकात तो होता. ती खुर्चीवरून उठून माझ्या नळीवर थोपटत म्हणाली, "धरला गं, धरला." त्या क्षणी सगळ्या जगात त्या दगडाकडे बघणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

तीन दिवसांनी केंद्राचं पत्र आलं. तुमच्या गेल्या महिन्याच्या वेगवान दगडांच्या नोंदी इतरांशी जुळत नाहीत, म्हणून त्या सगळ्या बाजूला ठेवल्या आहेत, नव्या दगडाचीही. यंत्र तपासा, तोवर नोंदी पाठवू नका. त्या संध्याकाळनंतर आमच्याकडेही ढग आले होते आणि सगळीकडचे ढग हटेपर्यंत तो दगड दिसेनासा झाला होता. यादीत त्याच्या नावापुढे 'हरवला' असं लागलं. भाची त्या दिवशी दुकानातून आली आणि चप्पल घालूनच पायरीवर बसून राहिली. आईने दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

रविवारी डॉक्टर आले. बरोबर तेच दोन सभासद. माझ्याकडे न बघताच त्यांनी निदान केलं. "आरसा बिघडलाय. जुनी काच, किती दिवस टिकणार?"

भाची म्हणाली, "पण डॉक्टर, हळू चालणारे सगळे दगड बरोबर येतात. फक्त वेगवान चुकतात. आणि सगळे पुढेच दिसतात, जिथे असायला हवेत त्याच्या पुढे. आरसा बिघडला असता तर एखादा मागे, एखादा बाजूला दिसला असता ना?"

मी किती खूश झाले म्हणून सांगू! पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आरसा बिघडला तर तारे फुगतात, ठिपके पसरतात. पण घड्याळ मागे असेल, तर ते सात वाजले म्हणतं तेव्हा खरे सात वाजून काही सेकंद झालेले असतात आणि तेवढ्यात वेगवान दगड पुढे गेलेला असतो. हळू चालणारा त्या सेकंदांत हलतच नाही. आता एकच पाऊल उरलं होतं. तिने फक्त घड्याळाकडे बघायचं होतं.

"अगं, काचेचं काय सांगावं?" डॉक्टर म्हणाले. "दाढ किडते तेव्हा कधी कानही दुखतो."

सभासद हसले आणि भाची गप्प बसली. मला जास्त राग कुणाचा आला म्हणून विचाराल, तर डॉक्टरांचा नाही. तिचा आला. डॉक्टर मला ओळखत नव्हते. ती चौदा वर्षं ओळखत होती.

मग डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला. उजेडात धरला. "बघा, किती मळलाय," म्हणत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि गोल गोल घासायला सुरुवात केली. माझ्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती वाळू त्यांनी माझ्यावर घासली. भाची "नको, नको" म्हणत पुढे आली, पण तोवर दोन लांब ओरखडे पडले होते. डॉक्टरांनी तेच ओरखडे सभासदांना दाखवले आणि म्हणाले, "हा बघा दोष."

मित्रांनो, या जागी मी जरा थांबते. अजूनही ते आठवलं की माझी नळी थरथरते.

पुढचे दहा महिने मी अडगळीत होते. आरसा खोक्यात, खोकं बाकाखाली. नळीत छत्र्या आणि मंडळाचे गुंडाळलेले फलक. पायावर ओले टॉवेल. आईचं मन मोठं, तिने खोक्यावर एक जुनी चादर तरी घातली. मंडळाने नवी, छोटी दुर्बीण घेतली आणि तिच्याबरोबरही डॉक्टरांनी हात ठेवून फोटो काढला. दर रविवारी मामांचा फोन यायचा. "दुर्बीण काय म्हणते?" भाची म्हणायची, "बरी आहे." ओरखड्यांविषयी सांगायची तिला लाज वाटत होती. तिने पहिल्याच रविवारी खरं सांगितलं असतं तर मामांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

दहा महिन्यांनी डॉक्टरांना मंडळाचा तो कॉम्प्युटर नव्या दुर्बिणीसाठी हवा झाला. भाची एका दुपारी त्यावरची जुनी चित्रं काढून घ्यायला पत्र्याच्या खोलीत येऊन बसली. आई माझ्या पायावरचे टॉवेल काढून घड्या घालत होती. तिने सोबतीला रेडिओ वर आणला होता. पाच वाजले. ठोके पडले.

भाचीने सवयीने मान वर केली. कॉम्प्युटरमध्ये पाच वाजायला दोन मिनिटं पन्नास सेकंद कमी होते.

ती काही बोलली नाही. तिने वही काढली, मागची पानं उलटली आणि 'डॉक्टर येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करून गेले' या ओळीवर बोट ठेवून दिवस मोजले. तीनशे चाळीस दिवस. तीनशे चाळीस दिवसांत दोन मिनिटं पन्नास सेकंद, म्हणजे एकशे सत्तर सेकंद. दिवसाला अर्धा सेकंद. आणि नवा दगड आला तो चौतिसावा दिवस. सतरा सेकंद.

"आई," ती म्हणाली, "आरसा चांगला होता गं."

"मग त्याला खोक्यात का घातलंय?" आईने विचारलं. त्या घरात सरळ प्रश्न विचारणारी ती एकटीच.

त्या संध्याकाळी भाचीने सरावाला टिपलेल्या ओळखीच्या दगडाची चित्रं पुन्हा मोजली. त्याची वाट सगळ्या जगाला ठाऊक होती. तोही बरोबर सतरा सेकंद पुढे निघाला. शंकेला जागाच उरली नाही. मग तिने मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मामांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, "ठोके बंद केलेस होय?" आणि शेवटी विचारलं, "तिला पुसलं कुणी?"

"डॉक्टरांनी. रुमालाने."

"मी येतो," मामा एवढंच म्हणाले.

ते आले. गच्चीच्या तेवीस पायऱ्या बसत बसत चढले. खोकं उघडलं, आरसा खिडकीपाशी तिरपा धरला आणि ओरखडे बघितले. तेव्हाही त्यांनी काचेला बोट लावलं नाही. भाची म्हणाली, "मामा, चुकलं माझं." मामा म्हणाले, "मला कशाला सांगतेस?" आणि आरसा तिच्याकडे वळवला. तिने माझ्यात बघितलं. तिचं तोंड उतरलेलं होतं. माझ्याशी ती काही बोलली नाही. वस्तूंची माफी मागायची रीत नाही, मला ठाऊक आहे. तरी मी वाट बघितली.

भाचीने केंद्राला लांब पत्र लिहिलं. सतरा सेकंद कसे काढले ते लिहिलं, चूक कुणाची तेही लिहिलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तिच्या नोंदी दुरुस्त करून घेतल्या होत्या आणि त्या पहिल्या संध्याकाळच्या नोंदींशी जुळल्या होत्या. दगडाची वाट सापडली होती. तो पृथ्वीला धडकणार नाही, पण नऊ वर्षांनी संध्याकाळच्या आकाशात पुन्हा येईल आणि कुठे बघायचं तेही आता ठाऊक होतं. त्या एका संध्याकाळच्या नोंदी नसत्या, तर तो हरवलेलाच राहिला असता. पत्रात निरीक्षिकेचे आभार मानले होते. दुर्बिणीचं नावही नव्हतं.

मंडळाची बैठक भरली. डॉक्टर उभे राहिले आणि सांगू लागले, "आपल्या सभासदाचं अभिनंदन. मध्यंतरी यंत्रात थोडा दोष होता, तो आता दूर झाला आहे." टाळ्या पडल्या. भाची उठली.

"यंत्रात दोष नव्हता," ती म्हणाली. "घड्याळ मागे होतं. वेळ जुळवणं तुम्ही बंद केलंत, डॉक्टर, आणि सांगितलं नाहीत. ठोके ऐकायचे मी सोडले, कारण मला हसलेलं सहन झालं नाही. दोष आपल्या दोघांचा. दुर्बिणीचा नाही. हे असंच्या असं लिहून घ्या."

डॉक्टर म्हणाले, "एवढं ताणायचं कारण नाही. शेवटी ती वस्तू आहे."

"हो. आणि खरं तीच सांगत होती."

आई मागच्या खुर्चीवर बसली होती. हे सगळं तिनेच घरी येऊन टॉवेल वाळत घालताना सांगितलं. ते आता दोरीवर घालते, माझ्या पायावर नाही.

माझ्यावर नवा मुलामा चढला. मुलाम्यातले ओरखडे गेले, पण काचेत खोल गेलेल्या दोन रेषा राहिल्या. त्यांनी फार बिघडत नाही, अंधुक दगड दिसतात. दर संध्याकाळी रेडिओ वर येतो, ठोके पडतात आणि वहीत दोन शब्द लिहिले जातात. भाची माझ्याशी पूर्वीसारखीच वागते. मी तिच्याशी पूर्वीसारखी वागते की नाही, ते मी सांगणार नाही. राग थोडा कमी झाला आहे. गेलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात काही जुनं असेल. काही बिनसलं की लगेच त्याच्यावर खापर फोडू नका. ते तोंड उघडू शकत नाही, म्हणून त्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. आधी स्वतःचे हात तपासा, त्यांनी काय बंद केलं, काय सोडून दिलं ते आठवा. आणि शंका विचारणारा कुणी बरोबर बोलत असेल, तर त्याला हसून गप्प करू नका.

नऊ वर्षांनी तो दगड परत येईल. मी इथेच असेन, याच पत्र्याखाली. त्या संध्याकाळी कुणी रुमाल हातात घेऊन माझ्याजवळ येऊ लागलं, तर त्याला दारातच थांबवा आणि विचारा, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?